थडग्यावरचे अक्षर

व्हिएन्नाच्या मोठ्या दफनभूमीत बेथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स अशी थोर मंडळी शेजारी-शेजारी विसावली आहेत. गाण्याचे वेड असलेले प्रवासी तिथे फुले वाहायला जातात. त्याच दफनभूमीत पांढऱ्या संगमरवराचा एक अर्धपुतळा उभा आहे. भरघोस दाढी, रुंद कपाळ, चेहऱ्यावर थोडा त्रासिक भाव. आणि पुतळ्याच्या माथ्यावर, जिथे ख्रिस्ती माणसाच्या थडग्यावर एखादे धर्मवचन असायचे, तिथे गणिताचे एक सूत्र कोरलेले आहे : 'एस = के लॉग डब्ल्यू'.

हे थडगे लुडविग बोल्ट्झमान या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाचे. सूत्रातल्या 'के' या अक्षराला जगभर 'बोल्ट्झमानचा स्थिरांक' म्हणतात. तापमान आणि ऊर्जा यांची सोयरीक जुळवणारा हा आकडा. मौज अशी की, ज्याच्या नावाने तो ओळखला जातो त्या माणसाने तो आकडा आयुष्यात कधी मोजला नाही, की ते अक्षरही कधी कागदावर लिहिले नाही. लिहिले ते दुसऱ्याच एकाने, आणि तो दुसरा बराच काळ विरुद्ध पक्षात बसलेला होता. मी शास्त्राचा माणूस नव्हे, गोष्टी लिहिणारा शाळामास्तर. मला या आकड्यापेक्षा त्याच्या भोवतीची माणसे अधिक ओढून घेतात. पण आकडा म्हणजे काय हे आधी सांगितल्यावाचून माणसांचे भांडण कळायचे नाही.

नरकचतुर्दशीच्या पहाटे ज्या घरात अजून बंब पेटतो, तिथे पाणी कढत झाले की नाही हे आजी बोट बुडवून ठरवते. नातू थर्मामीटर बुडवील. दोघेही मोजतात ते तापमान. ते मोजायचे अंश मात्र माणसाने आपल्या सोयीने ठरवले : पाणी गोठते तिथे शून्य, उकळते तिथे शंभर, मधे सारखे भाग. ऊर्जा ही दुसऱ्या घराण्यातली. ओझे उचलायला, गाडी ओढायला किती श्रम पडले यावरून ती मोजतात. या दोन घराण्यांचा परस्परसंबंध काय? तर पाण्याचा, हवेचा प्रत्येक रेणू सारखा धडपडत असतो आणि त्या धडपडीलाच आपण उष्णता म्हणतो. तापमान एक अंशाने चढले म्हणजे एकेका रेणूच्या पदरात किती ऊर्जा पडली, याचा भाव म्हणजे 'के'. रुपयाला डॉलर किती, तसा अंशाला ऊर्जा किती. आणि हा भाव किती बारीक! जूल या मापात लिहायचा तर दशांशचिन्हानंतर आधी २२ शून्ये काढायची आणि मग १३८.

एवढी बारीक गोष्ट मोजायची कशी? एका पायलीत मावणाऱ्या ज्वारीचे वजन कुणीही सांगेल. तसा ढीगभर वायूचा हिशेब गेल्याच्या गेल्या शतकात रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक होता. पण एका दाण्याचे वजन हवे असेल तर पायलीत दाणे किती, हे कळले पाहिजे. आणि त्याही आधी एक गोष्ट ठरली पाहिजे, की पायलीत दाणेच आहेत. त्यात दाण्यांऐवजी ताक असेल, तर एका दाण्याचे वजन विचारणे हाच वेडेपणा. सगळे भांडण झाले ते इथे. जग दाण्यादाण्यांचे बनले आहे की ताकासारखे अखंड आहे? अणू खरोखरच आहेत, की ती नुसती गणिताची सोय आहे?

लुडविगचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी व्हिएन्नात झाला. बाप सरकारी करखात्यात नोकर. ख्रिस्ती लोकांचा उपासाचा काळ सुरू होण्याच्या आदल्या रात्री तिकडे नाचगाण्यांची धमाल असते. त्या धमालीची रात्र संपून उपासाचा दिवस उजाडण्याच्या सुमारास हे मूल जन्मले. आपल्या स्वभावाचा लंबक आनंदाकडून दुःखाकडे एकाएकी का झुकतो, याचे कारण बोल्ट्झमान पुढे हेच सांगत असे. ते थट्टेने सांगे. पण ती थट्टा नव्हती हे पुढे दिसेल.

मुलगा पंधरा वर्षांचा असताना बाप क्षयाने गेला. आईने आपल्या माहेरचा पैसा मुलांच्या शिक्षणावर खर्च केला. लिंट्स गावी शिकत असताना या मुलाला पियानो शिकवायला आंटोन ब्रुकनर येत असे. तोच ब्रुकनर, जो पुढे मोठा संगीतरचनाकार झाला. पावसात भिजलेला कोट त्याने एकदा बिछान्यावर टाकला, म्हणून मातोश्रींनी शिकवणी बंद केली असे सांगतात. पियानो मात्र बोल्ट्झमानने जन्मभर वाजवला.

१८६३ साली तो व्हिएन्नाच्या विद्यापीठात दाखल झाला आणि त्याला दोन चांगले गुरू लाभले. एक योझेफ श्टेफान. याने त्याच्या हातात मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाचे लेख दिले, आणि पोराला इंग्रजीचे अक्षर येत नाही म्हणून बरोबर इंग्रजीचे व्याकरणही दिले! शिक्षकाने पुस्तक द्यावे तर असे. दुसरा योहान लोश्मिट. हवेचा रेणू केवढा असेल, याचा पहिला बरा अंदाज त्याने १८६५ साली बांधला. मिलिमीटरचा सुमारे दहा लाखावा भाग, असे उत्तर त्याला मिळाले. प्रत्यक्षाहून ते काही पट मोठे निघाले खरे, पण ज्या वस्तूच्या असण्याविषयीच वाद होता तिचे माप घ्यायला बसणे हीच छाती.

वायूच्या रेणूंची कल्पना नवी नव्हती. पण तिच्यावर शंकाही तितक्याच सरळ येत. देवघरात उदबत्ती लावली तर वास ओटीवर यायला वेळ का लागतो? हिशेबाने हवेचे रेणू सेकंदाला चारपाचशे मीटर धावतात. मग वास डोळ्याचे पाते लवण्याआधी पोचायला हवा. एका डच शास्त्रज्ञाने असाच आक्षेप घेतला होता. १८५८ साली क्लाउझियसने त्याला उत्तर दिले, की रेणू धावतो खरा, पण दोन पावले जातो न जातो तोच दुसऱ्यावर आदळतो. आषाढीला पंढरपुरात पळत सुटलेल्या माणसाची जी गत, तीच त्याची. मॅक्सवेलने १८६० साली पुढचे पाऊल टाकले : सगळे रेणू एका वेगाने धावत नाहीत, काही मंद, काही चपळ, आणि किती मंद व किती चपळ याचे प्रमाण गणिताने काढता येते. बोल्ट्झमानने हा धागा उचलला आणि तो सरळ एका मोठ्या कोड्याला नेऊन बांधला.

कोडे रोजच्या घरातले आहे. कपातला चहा गार होतो. गार झालेला चहा आपोआप कढत झालेला कुणी पाहिला नाही. दूध पाण्यात मिसळते, मिसळलेले आपण होऊन वेगळे होत नाही. उष्णतेचा हा एकमार्गी प्रवास शास्त्राने नियम म्हणून स्वीकारला होता, आणि किती वाट चालून झाली हे सांगणाऱ्या राशीला क्लाउझियसने १८६५ साली 'एंट्रॉपी' हे नावही दिले होते. थडग्यावरचा 'एस' तो हाच. पण हे असे का होते? रेणू तर पुढे धावू शकतो तसा मागेही धावू शकतो. त्याला कुणी परतीचा रस्ता बंद केला?

बोल्ट्झमानने १८७७ साली दिलेले उत्तर मला फार आवडते, कारण ते मुलांनाही सांगता येते. दहा नाणी उधळा. दहाच्या दहा छापे पडायची तऱ्हा एकच. पाच छापे नि पाच काटे पडायच्या तऱ्हा मात्र २५२. एकंदर तऱ्हा १०२४. दहाही छापे पडायला कुणाची बंदी नाही. फक्त तसे क्वचित होते. आता नाणी शंभर घ्या. सगळे छापे पडण्याची एक तऱ्हा, आणि एकूण तऱ्हांचा आकडा ३१ अंकी. चहाच्या कपात नाणी किती? लाख कोटींच्या लाख कोटी म्हटले तरी पुरे पडायचे नाही. म्हणून गार चहा आपोआप कढत होत नाही. त्याला मनाई नाही. त्याच्या वाट्याला तऱ्हा थोड्या आल्या आहेत, इतकेच. 'डब्ल्यू' म्हणजे या तऱ्हांची संख्या. आणि 'लॉग' कशाला? तर दोन भांडी शेजारी ठेवली की तऱ्हांचा गुणाकार होतो, एंट्रॉपीची मात्र बेरीज. गुणाकाराची बेरीज करणारे यंत्र म्हणजे लॉगची कोष्टके, हे शाळेत ती चाळलेल्या कुणालाही आठवेल.

निसर्गाचा पोलादी नियम म्हणून जे मानले होते, ते या माणसाने शक्याशक्यतेच्या हिशेबावर आणून ठेवले. लोकांना हे रुचले नाही. खुद्द गुरू लोश्मिटने शंका काढली, की सगळ्या रेणूंची तोंडे उलटी फिरवली तर काय होईल? वाद मित्रत्वाचा होता आणि त्या शंकेतूनच १८७७ चा लेख पक्का झाला. या लेखात 'के' कुठे आहे? नाही. बोल्ट्झमानला प्रमाणाशी काम होते. एका दाण्याचा नक्की भाव काढायची त्याला गरजच पडली नाही.

हे सगळे ग्रात्स या गावी घडले. तिथे त्याची सुखाची चौदा वर्षे गेली. १८७६ साली हेन्रिएटे या मुलीशी त्याचे लग्न झाले. तिने बायकांना दारे बंद असलेल्या काळात विद्यापीठात बसून गणित ऐकण्याची परवानगी मागितली होती, आणि तसा अर्ज करायला तिला याच प्राध्यापकाने सल्ला दिला होता. गावाबाहेर घर घेतले. मुलांना ताजे दूध मिळावे म्हणून हा गृहस्थ बाजारातून गाय घेऊन रस्त्याने हाकत आला आणि धार कशी काढावी हे विचारायला प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाकडे गेला, असे सांगतात. आपल्याकडे कुणाही गवळ्याने हे काम केले असते.

१८८८ साली बर्लिनच्या विद्यापीठाचे बोलावणे आले. किर्खहोफ या थोर शास्त्रज्ञाची रिकामी झालेली जागा. जर्मन विद्येच्या जगातला हा मोठाच मान. त्याने होकार दिला. मग झोप उडाली, घालमेल सुरू झाली, आणि डोळे अधू झाल्याचे कारण सांगून त्याने होकार मागे घेतला. पुढच्या वर्षी ती जागा तीस-एकतीस वर्षांच्या एका तरुणाला मिळाली. त्याचे नाव माक्स प्लांक. हे नाव लक्षात ठेवा. त्याच १८८९ साली बोल्ट्झमानचा अकरा वर्षांचा थोरला मुलगा आंत्रपुच्छाच्या दुखण्याने वारला. दुखणे वेळीच ओळखले गेले नाही. तिथून पुढे या माणसाचा पाय एका ठिकाणी ठरला नाही. १८९० म्युनिक, १८९४ व्हिएन्ना, १९०० लाइप्झिग, १९०२ पुन्हा व्हिएन्ना.

एव्हाना जर्मन शास्त्रज्ञांत ऊर्जावाद्यांचा जोर झाला होता. त्यांचा म्होरक्या विल्हेल्म ओस्टवाल्ड, मोठा रसायनशास्त्रज्ञ. त्याचे म्हणणे असे, की दिसते-मोजता येते ती ऊर्जा, तेवढी पुरे. अणू ही अडगळ. पायलीत ताकच आहे, दाण्यांच्या गप्पा सोडा. आणि त्यांच्या मागे तत्त्वज्ञ म्हणून उभा होता एर्न्स्ट माख. ध्वनीच्या वेगाशी विमानाचा वेग ताडताना ज्याचे नाव आज घेतात तो हाच. अणूंची गोष्ट कुणी काढली की माख विचारी, तुम्ही एखादा पाहिला आहे काय? प्रश्न बिनतोड होता. कुणीच पाहिला नव्हता.

सप्टेंबर १८९५ मध्ये ल्यूबेक येथे जर्मन शास्त्रज्ञांचा मेळावा भरला तेव्हा ओस्टवाल्ड आणि बोल्ट्झमान समोरासमोर भिडले. तरुण झोमरफेल्ड प्रेक्षकांत होता. पुढे तो स्वतः नामांकित झाला. त्याने लिहून ठेवले आहे, की चपळ तलवारबाजाशी बैल झुंजावा तसा तो सामना होता, आणि या वेळी जिंकला बैल. पण सभा जिंकणे निराळे आणि जग जिंकणे निराळे. दुसऱ्याच वर्षी बर्लिनहून झेर्मेलो नावाच्या तरुणाने आक्षेप घेतला : गणिताने पाहता रेणूंची प्रत्येक मांडणी कधी ना कधी परत आलीच पाहिजे, मग उष्णतेची वाट एकेरी कशी? बोल्ट्झमान उत्तरला, की परत येईल खरी, पण किती काळाने याचा हिशेब तर करा. झेर्मेलो हा प्लांकचा सहायक होता. प्लांकलाही अणू पसंत नव्हते. उष्णतेचा नियम त्याला अपवादरहित, पोलादीच हवा होता. शक्याशक्यतेचा जुगार नको होता.

१८९८ साली वायूंच्या सिद्धांतावरील आपल्या ग्रंथाचा दुसरा भाग छापताना बोल्ट्झमानने प्रस्तावनेत लिहिले, की काळाच्या ओघाविरुद्ध आपण एकटे दुबळेपणाने धडपडत आहोत. हा सिद्धांत आज विसरला गेला तरी उद्या तो पुन्हा जिवंत होईल, तेव्हा लोकांना सगळेच नव्याने शोधावे लागू नये म्हणून हे लिहून ठेवतो. पराभव गृहीत धरून ग्रंथ लिहिणारी माणसे थोडी.

आणि दोन वर्षांतच बर्लिनमध्ये चक्र उलटे फिरले.

भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळसर, मग पांढरे दिसते, हे लोहाराला ठाऊक असते. कोणत्या तापमानाला कोणत्या रंगाचा प्रकाश किती निघतो, हे बर्लिनच्या सरकारी प्रयोगशाळेत बारकाईने मोजणे चालू होते. ७ ऑक्टोबर १९०० हा रविवार. प्रयोग करणारा रूबेन्स सपत्नीक प्लांकच्या घरी भेटीला आला आणि बोलता बोलता त्याने ताजी मापे सांगितली. पाहुणे गेल्यावर त्याच संध्याकाळी प्लांकने त्या मापांना बसणारे सूत्र लिहिले. १९ तारखेला ते सभेत मांडले. रूबेन्सने रातोरात पडताळा घेऊन दुसऱ्या दिवशी सांगितले, तंतोतंत जुळते.

पण सूत्र जुळले म्हणजे अर्थ कळला असे नव्हे. तो अर्थ शोधताना प्लांकची सगळी हत्यारे बोथट ठरली. शेवटी त्याने नाइलाजाने एक हत्यार उचलले, आणि ते बोल्ट्झमानचे होते. तऱ्हा मोजायच्या, त्यांचा लॉग घ्यायचा. तऱ्हा मोजायला दाणे लागतात, म्हणून त्याने ऊर्जेचेच ठरावीक आकाराचे दाणे कल्पिले. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनच्या सभेत त्याने हा हिशेब मांडला. नव्या पदार्थविज्ञानाचा जन्मदिवस म्हणून ही तारीख सांगतात. त्या हिशेबात दोन नवे स्थिरांक होते. एक 'एच', ज्याला प्लांकचे नाव मिळाले. दुसरा 'के'. लॉगच्या आधी तो पहिल्यांदा बसला तो इथे. बोल्ट्झमानने जे नुसते प्रमाण म्हणून सोडले होते, त्याला प्लांकने अक्षर दिले आणि भट्टीच्या उजेडावरून त्याची किंमत काढली. आजच्या किमतीहून ती अवघी अडीच टक्के कमी होती.

या 'के'ने काय केले पाहा. ढिगाचा हिशेब ठाऊकच होता. त्याला एका दाण्याच्या भावाने भागले की ढिगात दाणे किती ते निघते. प्लांकने भागाकार केला, अणूंची संख्या निघाली. तिच्यावरून इलेक्ट्रॉनचा विद्युत्भारही निघाला, तोही अडीच टक्क्यांच्या आत बरोबर. त्या काळी इतके चांगले माप दुसऱ्या कुणाजवळ नव्हते. अणू नसतेच, पायलीत ताक असते, तर 'के' शून्य यायला हवा होता. तो शून्य आला नाही.

पुढे नोबेल पारितोषिकाच्या वेळच्या भाषणात प्लांकने मोकळेपणाने सांगितले, की या स्थिरांकाला बोल्ट्झमानचे नाव देतात, पण त्याने स्वतः तो कधी मांडला नव्हता आणि तो नेमका मोजता येईल असा विचारही त्याच्या मनात आलेला दिसत नाही. तरीही नाव तेच राहिले. मला वाटते, योग्यच झाले. भाव काढणारा प्लांक, पण बाजार बसवला बोल्ट्झमानने.

बोल्ट्झमानला याचे सुख झाले का? प्लांकच्या त्या निष्कर्षांकडे सुरुवातीला कुणीच फारसे लक्ष दिले नाही. इकडे त्याचे डोळे जवळजवळ गेले होते, दम्याने जीव घाबरा होई, डोके दुखे. चांगल्या दिवसांत मात्र तो आनंदाचे कारंजे असे. लिझे माइटनर ही पुढे नामवंत झालेली शास्त्रज्ञ बाई त्याची विद्यार्थिनी. त्याच्या तासाला आपल्यापुढे एक नवे जग उघडल्यासारखे वाटे, असे तिने लिहिले आहे. १९०५ च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियात बर्कलीला व्याख्यानांसाठी गेला. त्या गावात दारूबंदी! पाणी पिऊन पोट बिघडले, तेव्हा शेजारच्या गावातून चोरून वाइन आणवली. या प्रवासाचा मोठा खुसखुशीत वृत्तांत त्याने लिहिला. वाचणाऱ्याला वाटेल, या माणसाला दुःख कसे ते ठाऊक नाही.

त्याच उन्हाळ्यात इकडे जर्मनीत, स्विस पेटंट कचेरीतल्या आइन्स्टाइन नावाच्या कारकुनाचा एक लेख छापून आला. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली सारखे वळवळताना दिसतात, हे ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ साली पाहिले होते. आइन्स्टाइनने दाखवले, की ही वळवळ म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांचा परिणाम, आणि ती मोजली तर रेणूंची संख्या निघेल.

५ सप्टेंबर १९०६. ट्रिएस्टजवळ समुद्रकाठच्या दुइनो गावी बोल्ट्झमान बायको आणि धाकटी मुलगी एल्झा यांच्यासह सुटीसाठी आला होता. त्या दोघी समुद्रस्नानाला गेल्या असताना त्याने खोलीत गळफास लावून घेतला. वय ६२. त्या शरद ऋतूत श्रोडिंगर नावाचा एक मुलगा याच प्राध्यापकाकडे शिकायची आस धरून व्हिएन्नाच्या विद्यापीठात दाखल झाला.

विरोधकांनी त्याचा बळी घेतला, असे पुष्कळदा लिहिले जाते. कथा म्हणून ते ऐकायला बरे वाटते. माझ्यासारख्या कथा लिहिणाऱ्याला तर तो मोह फारच होतो. पण खरे पाहता ओस्टवाल्ड त्याचा मित्र होता, त्यानेच त्याला लाइप्झिगला बोलावून घेतले होते. माख तर १८९८ साली अर्धांगाच्या झटक्याने आजारी होऊन पाठोपाठ निवृत्तही झाला होता. आणि ग्रात्सच्या वेळची ती घालमेल आठवा : तेव्हा ल्यूबेकची सभा सात वर्षे दूर होती. मनाचे दुखणे हे दुखणे असते. ते प्रतिपक्षाच्या युक्तिवादाने होत नाही आणि वाद जिंकल्याने बरे होत नाही.

वाद मात्र जिंकला गेला. पॅरिसमध्ये जाँ पेरँ याने १९०८ पासून जे प्रयोग केले, ते ऐकून कोकणी माणसाने तरी कान टवकारावेत. त्याने कण घेतले ते गॅम्बोज नावाच्या पिवळ्या रंगाच्या डिंकाचे. आग्नेय आशियातल्या ज्या झाडाचा हा डिंक, ते आपल्या कोकमाचे भाऊबंद. डिंक पाण्यात कालवून त्याचे सारख्या आकाराचे गोल कण त्याने वेगळे केले. एका कणाचा व्यास अर्ध्या मायक्रॉनहून कमी. थेंबात हे कण वजनाने खाली बसू पाहतात आणि रेणूंच्या धक्क्यांनी वर उडतात. दोहोंच्या ओढाताणीत तळाशी दाटी आणि वर विरळ अशी वस्ती तयार होते. पेरँने वेगवेगळ्या उंचीवरचे कण मोजले, हजारोंनी. खाली १०० असले तर ३० मायक्रॉन वर ४७, आणखी ३० वर २३, आणखी ३० वर १२. दर पायरीला निम्मे. हवा विरळ होत निम्मी व्हायला पाचसहा किलोमीटर चढावे लागते; इथे केसाच्या जाडीएवढ्या थेंबात तोच नियम. एका कणाचे वजन ठाऊक, तापमान ठाऊक. त्यावरून 'के' निघाला, आणि तो प्लांकच्या भट्टीतून निघालेल्या आकड्याशी जुळता निघाला. उजेडातून आणि डिंकाच्या पाण्यातून एकच आकडा! १९०९ साली छापलेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ओस्टवाल्डने अणू मान्य केले. उमदेपणाने केले. पेरँला १९२६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या 'के'चा हात धरून पुढे आपली माणसेही मोठ्या वाटेला लागली. मेघनाद साहांनी १९२० साली ताऱ्यांच्या उजेडावरून त्यांच्या वातावरणातल्या अणूंची स्थिती सांगणारे समीकरण दिले, त्यात हा बसलेला आहे. आणि ढाक्क्याच्या सत्येंद्रनाथ बोसांनी १९२४ साली प्लांकचेच सूत्र नव्या रीतीने तऱ्हा मोजून सिद्ध केले. दोन प्रकाशकण अगदी एकसारखे असतील तर त्यांची अदलाबदल ही वेगळी तऱ्हा धरायची नाही, असा तो हिशेब. बोल्ट्झमानची नाणी बोसांनी निराळ्या तऱ्हेने मोजली म्हणा ना.

बोल्ट्झमानचे अवशेष १९२९ साली मोठ्या दफनभूमीत आणले आणि १९३३ साली त्या सूत्रासह पुतळा उभा राहिला.

अलीकडे या आकड्याच्या नशिबी आणखी एक बढती आली. तापमानाचे एकक केल्व्हिन. ते १९५४ पासून पाण्यावर ठरलेले होते. बर्फ, पाणी आणि वाफ ज्या एका तापमानाला एकत्र नांदतात ते २७३.१६ केल्व्हिन धरायचे, असा करार. पण पाणी तरी सगळीकडे सारखे कुठे असते? त्यात जड हायड्रोजनचे प्रमाण कमीजास्त झाले तर तो बिंदू किंचित सरकतो. तेव्हा शास्त्रज्ञांनी ठरवले, की पाण्याऐवजी 'के'लाच पाया करायचा. त्यासाठी तो आधी शक्य तितका अचूक मोजायला हवा होता. इंग्लंड-फ्रान्समध्ये आरसपानी घासलेल्या तांब्याच्या पोकळ गोळ्यात आर्गॉन किंवा हेलियम वायू भरून त्यात ध्वनीचा वेग मोजला. तर चीनमध्ये विजेच्या रोधातून उष्णतेमुळे निघणारी सूक्ष्म खरखर मोजली. आकडे जुळले. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्सायच्या परिषदेत मतदान झाले आणि २० मे २०१९ पासून 'के'ची किंमत १.३८०६४९ गुणिले १० चा उणे २३ वा घात, जूल दर केल्व्हिन, अशी कायमची ठरवून टाकली. पुढे एकही अंक नाही. आजीच्या बंबातल्या पाण्यात काडीचा फरक पडला नाही. पण पूर्वी पाण्यावरून 'के' काढीत, आता 'के'वरून पाण्याचे तापमान काढतात. ते तांब्याचे गोळे मोडीत निघाले नाहीत. आकडा मोजायचे त्यांचे काम तेवढे संपले. त्यांचा उपयोग आता थर्मामीटर म्हणून होतो.